किनाऱ्याचे ग्रंथ आणि वाडीची साक्ष

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यासंबंधी कोणकोणती पुस्तके आहेत, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण किल्ल्यांची दोन-चार पुस्तके, एखादी शिवकालीन कादंबरी आणि फार तर जुना गॅझेटिअर, एवढी नावे घेऊन थांबतील. आम्हीही पुष्कळ वर्षे तिथेच थांबलो होतो. आम्ही काही पंडित नव्हे. आठवीत शाळा सुटली, कारखान्यात मदतनीस म्हणून लागलो, पुढे युनियनच्या कामात पडलो आणि नोटिसा, निकाल व करारनामे वाचता वाचता वाचायला शिकलो. त्यामुळे कोणताही छापील मजकूर हाती आला की, हा कोणी लिहिला, कोणाच्या सांगण्यावरून लिहिला आणि कोणाला न विचारता लिहिला, हे पाहण्याची खोड आम्हांला जडली आहे. या किनाऱ्याच्या ग्रंथांकडे या लेखात त्याच खोडीने पाहावयाचे आहे.

या वाचनाला निमित्त झाले ते असे. २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला व २००८ च्या आरंभी त्याचे नियम आले. त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने आम्ही एका कातकरी वाडीचे दावे भरण्याच्या खटपटीत होतो. ही माणसे आमच्या संघटनेची सभासद. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन विटभट्टीवर जायची, पावसाच्या तोंडावर परत यायची, आणि पावसाळ्यात डोंगरउतारावर नाचणी-वरी करायची. एका कार्यालयात आम्हांला विचारण्यात आले, “पुरावा काय?” वाडीतल्या एका वृद्धाने सरळ उत्तर दिले, “साहेब, तिथला आंबा माझ्या आज्यानं लावलाय.” साहेबांनी ते उत्तर काही लिहून घेतले नाही.

त्या रात्री आम्ही नियमांचे पुस्तक पुन्हा उघडले. दाव्यासाठी किमान दोन प्रकारचे पुरावे लागतात, आणि कोणते चालतात त्याची यादी तेराव्या नियमात दिली आहे. त्या यादीत जनगणना, मोजणी व आकारणीचे अहवाल, नकाशे यांच्या बरोबरीने चक्क ‘गॅझेटिअर’ हा शब्द होता. आणि त्याच यादीत, खाली, दावेदाराखेरीज गावातील अन्य वृद्धांनी सांगितलेली व कागदावर उतरवून घेतलेली हकिकतही होती. म्हणजे सरकारी ग्रंथ आणि म्हाताऱ्याचे तोंड हे दोन्ही साक्षीदार कायद्याने एकाच बाकावर बसविले होते! दुसऱ्या दिवशी आम्ही वाचनालयात जाऊन कुलाब्याचा जुना खंड मागितला. तेव्हापासून या जिल्ह्याची पुस्तके आम्ही करमणुकीसाठी वाचली नाहीत, साक्ष तपासावी तशी वाचली.

समुद्रावरून आलेले साक्षीदार

आपल्या जिल्ह्याची घडण पाहिली म्हणजे त्याच्याविषयी पहिल्यांदा कोणी लिहिले असेल ते आपोआप कळते. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आत शिरलेल्या खाड्या: धरमतरची, रेवदंड्याजवळ कुंडलिकेची, मुरुडजवळ राजपुरीची आणि दक्षिण सीमेवर सावित्रीची. घाटातून उतरणारा लमाणाचा बैल आणि खाडीतून वर येणारे गलबत यांची गाठ जेथे पडे, तेथे बाजार वसे. चौल हे अशा ठिकाणांपैकी सर्वांत जुने. साहजिकच या किनाऱ्याचे पहिले वर्णनकार समुद्रावरून आले.

दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल्-मसुदी चौलास, म्हणजे त्याच्या भाषेत ‘सैमूर’ला, येऊन गेला. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असून सिराफ, ओमान, बसरा व बगदादकडचे व्यापारी स्थायिक झाले होते आणि शिलाहार राजाच्या अमलाखाली त्यांचा स्वतःचा प्रमुख त्यांचे तंटे मिटवी, असे त्याने नमूद केले आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियातील त्वेर गावचा अफानासी निकितीन घोडा विकण्याच्या आशेने याच बंदरात उतरला. हा मोठा सावकार नव्हे. वाटेत लुटला गेलेला, पोटासाठी फिरणारा किरकोळ व्यापारी. आपल्या मुलखाला उपयोगी पडेल असा माल इथे मिळेल म्हणून सांगणाऱ्यांनी आपल्याला फसविले, अशी तक्रार तो करतो. परंतु बाजारभावाबरोबर त्याने रस्त्यावरची माणसेही पाहिली. कोणाच्या अंगावर किती वस्त्र आहे, राजा काय नेसतो आणि दासी काय नेसते, गोऱ्या माणसामागे गर्दी कशी लोटते, हे त्याने टिपून ठेवले. रेवदंड्यात आज त्याचे स्मारक आहे. ज्याची स्वतःची पिशवी रिकामी, त्याला दुसऱ्याचे उघडे अंग लवकर दिसते, असे आम्हांला त्याचे लिखाण वाचून वाटले.

१६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा मुंबईचा इंग्रज वकील हेन्री ऑक्सिंडेन हजर होता. त्याची मंडळी मुंबईहून चौलास, तेथून खाडीने अष्टमीस आणि पुढे निजामपुरावरून पाचाडास गेली. ही हकिकत जॉन फ्रायरच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासग्रंथातही आली आहे. त्या वाटेवरून आजही जाता येते. या वर्णनात नजराणे आहेत, कराराची कलमे आहेत; परंतु पाचाडहून ते नजराणे गडावर चढवले कोणी, हे शोधू गेल्यास सापडत नाही. चौल व वसई यांच्या प्राचीन अवशेषांवर गर्सन द कुन्हा यांनी १८७६ साली लिहिलेला ग्रंथ विद्वत्तेचा आहे. त्यातही तटाचे दगड व त्यांवरचे लेख यांची दखल आहे, दगड वाहणाऱ्यांची नाही. हा दोष एकट्या लेखकाचा नव्हे. दगडावर ज्याचे नाव कोरले जाते, तोच पुढे पुस्तकात येतो.

मात्र दगडावरचे लेखनही केवढे मोलाचे असते, याचे उदाहरण आपल्या दारातच आहे. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जातो, आणि मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. तो काव्य नव्हे, कथा नव्हे. ते एक दानपत्र आहे. कोणाला काय द्यावयाचे, हे पुढे कोणी नाकारू नये म्हणून ते दगडावर घातले. या किनाऱ्यावर मराठी अक्षर उमटले ते हक्काची नोंद म्हणून, ही गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते.

घरातून निघालेला प्रवासी

बाहेरून आलेल्यांच्या जोडीला येथून बाहेर गेलेला एक माणूस आहे. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तर हिंदुस्थानात गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ झाशीच्या हकिकतीसाठी प्रसिद्ध आहे. आम्ही मात्र वाचकांचे लक्ष पहिल्या पानांकडे वेधू. हा तरुण भिक्षुक घर का सोडतो? डोक्यावर कर्ज आहे, घरी खाणारी तोंडे आहेत, आणि उत्तरेकडे मोठ्या यज्ञात दक्षिणा मिळणार असे कानावर आले आहे. ज्या मुलखातून पुढच्या काळात गावेच्या गावे मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत गेली, त्या मुलखाचे हे जुनेच दुखणे आहे. गोडसे भटजी आणि गिरणीचा बदली कामगार यांच्यात जातीचे व मानाचे अंतर जमीन-अस्मानाचे. पण गाव सोडताना दोघांच्या मागे लागलेला सावकार एकच.

या पुस्तकापासून आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. चिं. वि. वैद्य यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले, तेव्हा भाषेत व मजकुरात पुष्कळ फेरफार केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने १९६६ साली बाहेर आला. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक गोडशांचे म्हणून जे वाचत होते, ते सर्वस्वी गोडशांचे नव्हते. साक्षीदाराने काय सांगितले आणि कारकुनाने काय उतरवून घेतले, यांत फरक पडतो, हे कोर्टात उभे राहिलेल्या कामगाराला सांगावे लागत नाही.

सरकारी लेखणी

आता गॅझेटिअरकडे वळू. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याचे जे खंड निघाले, त्यांतील अकरावा खंड कुलाबा व जंजिरा यांचा; तो १८८३ साली छापला. तेव्हा जिल्ह्याच्या हद्दी आजच्या नव्हत्या. त्यामुळे पनवेल-कर्जतकडची माहिती पाहिजे असेल तर आदल्या वर्षी निघालेला ठाण्याचा खंड उघडावा लागतो. पुष्कळ जण ती न सापडल्याने निराश होऊन पुस्तक मिटतात. स्वातंत्र्यानंतर कुलाब्याची सुधारलेली आवृत्ती १९६४ साली निघाली, आणि १९८१ साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले. म्हणून जुन्या ग्रंथांत शोध घ्यावयाचा तो ‘कुलाबा’ या नावाखाली.

या खंडात पिके, मिठागरे, खाड्यांतील वाहतूक, सारा, जाती-जमाती, बाजार सर्व काही आहे. राज्य करावयाचे तर रयत मोजली पाहिजे, त्या हिशेबाने ते गोळा केले आहे. पण मोजणाऱ्याच्या हातून आपल्या कामाचेही पुष्कळ लिहून होते. पेण व अलिबागकडील खारजमिनींचीच गोष्ट घ्या. समुद्राचे भरतीचे पाणी बांध घालून हटवावयाचे, उघाडीतून पावसाचे पाणी सोडावयाचे आणि मीठ धुऊन गेल्यावर तेथे भात करावयाचे, ही विद्या येथली. बाहेरचा बांध राखण्याबद्दल शिलोत्रदार कुळांकडून भाताच्या रूपाने ठराविक आकार घेत, ही शिलोत्री पद्धत गॅझेटिअरने नोंदली आहे. तिचा आधीचा इतिहास पाहिजे असल्यास शां. वि. आवळसकर यांचे ‘आंग्रेकालीन अष्टागर’ वाचावे. जुन्या दफ्तरांतील कागदांवरून त्यांनी आगर, खार, वतने व पेठा यांचे चित्र उभे केले आहे. तलवारीपेक्षा नारळाचा व भाताचा हिशेब इतिहासात जास्त पाने मागतो, हे त्यावरून कळते.

कातकऱ्यांविषयी मात्र सरकारी लेखणी कठोर आहे. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, तो काढा आटवून कात करणारे ते कातकरी; त्यांच्यात सोन व ढोर असे भेद; ही माहिती त्या लिखाणात मिळते आणि ती आमच्या दाव्याला उपयोगी पडली. पण त्याबरोबर त्यांच्या माथ्यावर दारूचा व चोरीचा शिक्काही मारलेला दिसतो. शब्दकोश जवळ घेऊन आम्ही तो मजकूर मराठीत केला आणि वाडीतल्या ओट्यावर वाचून दाखविला. लपवून ठेवणे आम्हांला बरे वाटले नाही.

आंब्याची साक्ष देणारे ते बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “दादा, हे ज्यानं लिवलं त्यानं आमच्यात कोणाला इचारलं व्हतं का?”

आम्ही म्हटले, “बाबा, तसे काही दिसत नाही.”

“मंग रानातलं लाकूड तोडायला बंदी कधी आली, ते तरी त्यात लिवलंय का?”

या प्रश्नाने आम्ही चमकलो. घरी येऊन सनावळ्या जुळवून पाहिल्या. जंगल राखीव करणारा इंग्रजी कायदा १८७८ चा. गॅझेटिअर १८८३ चा. चोरीचा आरोप त्याच्या आधीच्या लिखाणातही आहे, हे खरे. परंतु ज्याचा धंदाच खैर तोडण्याचा, त्याचे रान बंद करावयाचे आणि मग तो लाकूड आणतो म्हणून त्याला चोर लिहावयाचे, या दोन गोष्टी एकाच राज्याच्या दोन खात्यांनी केल्या. ग्रंथ वाचून आम्हांला जे सुचले नव्हते, ते अक्षरशत्रू म्हाताऱ्याने दोन प्रश्नांत दाखवून दिले.

पुढे कातकऱ्यांवर वेगळ्या दृष्टीने लिहिणारेही झाले. ए. एन. वेलिंग यांचा समाजशास्त्रीय अभ्यास १९३४ साली निघाला. डॅनियल बकल्स व राजीव खेडकर यांचे ‘फायटिंग एव्हिक्शन’ हे २०१३ चे पुस्तक तर थेट आजच्या दुखण्यावर बोट ठेवते. पुष्कळ कातकरी वाड्या दुसऱ्याच्या नावावरील जमिनीवर उभ्या आहेत. पूर्वी मालकाला त्यांचे हात हवे होते म्हणून वाडी चालत होती. आता मुंबई जवळ आली, जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि वाडीभोवती तारेचे कुंपण पडू लागले. कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष दुर्बल गणल्या गेलेल्या तीन जमातींपैकी एक. आणि तिला पिढ्यान्‌पिढ्या राहत्या जागेचा उतारा नाही!

आपले आपण लिहिणारे

या किनाऱ्यावरचे ‘मूळचे’ कोण, हा वाद घालणाऱ्यांनी दोन छोटे समाज अवश्य पाहावेत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, अशी बेने इस्रायलांची परंपरा सांगते. ते येथे तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले आणि किहीमकर, पेणकर, नवगावकर झाले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळण्यास १८९० साल उजाडावे लागले आणि नारायण मेघाजी लोखंडे यांना झगडावे लागले. इथे मात्र एका कष्टकरी समाजाला गावाने त्याच्या सुटीच्या वाराचेच नाव दिले होते. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला. चाळीस वर्षे हस्तलिखित पडून राहिले, पण लिहिले होते म्हणून राहिले.

दुसरा समाज कोर्लईचा. चौलच्या खाडीपलीकडील या गावात पोर्तुगीज व मराठी यांच्या सहवासातून जन्मलेली एक बोली ख्रिस्ती वस्तीत अजून बोलली जाते. पोर्तुगीजांनी हा किनारा १७४० साली सोडला. भाषा मागे राहिली. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन अभ्यासकाने तिच्यावर १९९६ साली अख्खा ग्रंथ लिहिला. आपल्यापैकी किती जणांनी ती बोली कानाने ऐकली आहे?

ज्यांना बोलूच दिले जात नव्हते त्यांनी लेखणी हाती घेतली, तेव्हा या जिल्ह्याच्या वाङ्मयाला खरी कलाटणी मिळाली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, फौजेतून निवृत्त झालेले, यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून धर्ममार्तंडांना प्रश्न टाकले. त्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी हजारोंनी प्राशन केले. त्या परिषदेच्या जुळवाजुळवीत पुढाकार घेणारे रामचंद्र बाबाजी मोरे पुढे कामगार चळवळीत आले. त्यांच्या आठवणी त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी ग्रंथरूपाने जतन केल्या. आनंद तेलतुंबडे यांचा महाडवरील विस्तृत ग्रंथ २०१६ चा आहे. जुन्या गॅझेटिअरातील महाड म्हणजे एक बंदर व बाजारपेठ. या पुस्तकांतील महाड म्हणजे माणसाच्या पाण्याचा हक्क. गाव एकच, साक्षीदार बदलले.

तसेच चरीचे. १९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप पुकारला गेला आणि १९३९ पर्यंत कुळांनी जमिनी कसल्या नाहीत. सहा वर्षे! कारखान्यात सहा आठवडे संप टिकवताना काय होते ते आम्ही जाणतो. १९३७ साली ‘कृषीवल’ पत्र निघाले ते याच लढ्याच्या धगीतून. ज्या बांधांचे व शिलोत्रीचे वर्णन १८८३ च्या खंडात आहे, ते बांध घालणाऱ्यांचीच ही कथा.

जे अजून लिहिलेले नाही

एवढे असूनही उणीव मोठी आहे. ज्यांच्या मिठागरांवर भराव पडले त्या उरणच्या आगऱ्यांचे, डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कोळणीचे, खांड गेल्यावर मध्यरात्री बांधावर धावणाऱ्या खारेपाटातल्या माणसाचे आणि विटभट्टीवरच्या पोराचे पुस्तक आम्हांला कोणत्याही कपाटात सापडले नाही. १९७० नंतर नव्या मुंबईसाठी जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात पाच जण गोळीला बळी पडले आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व पुढे आले. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, २०२४ साली अटल सेतूने मुंबई वीस मिनिटांवर आणली. किनाऱ्याचे रूप आमच्या डोळ्यांदेखत बदलले. ज्यांनी जुने रूप हातांनी घडविले, ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे.

म्हणून या मालेच्या श्रोत्यांना आमची विनंती पुस्तके वाचण्यापुरती नाही. वाचावीत ती अवश्य. जुने गॅझेटिअर आता शासनाच्या दर्शनिका विभागाच्या संकेतस्थळावरही पाहता येतात. पण वाचताना तीन प्रश्न विचारावेत: लिहिणारा कोठून आला? त्याने कोणाला विचारले? आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते वाचून दाखविले काय? त्यानंतर एक वही घ्यावी, आपल्या गावातल्या एखाद्या वृद्धाजवळ बसावे, आणि जागेचे नाव, झाडाचे नाव, साल, कोणी बांध घातला, कोणी पाणी अडविले, हे त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. शेवटी त्याला वाचून दाखवावे व मगच सही किंवा अंगठा घ्यावा. मध्यमवर्गीय सुशिक्षितांना एवढे काम सहज जमण्यासारखे आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने तो कागद फुकट जात नाही.

त्या वाडीचे काय झाले, असे वाचक विचारतील. गॅझेटिअरातील उतारा लावला, आणि शेजारच्या वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांची हकिकत लिहून जोडली. त्यात आज्याने लावलेला आंबाही आला. निम्मे दावे मान्य झाले, पण कसत असलेल्या जमिनीपेक्षा क्षेत्र कमी धरले गेले. उरलेल्यांचे अपील चालू आहे. पुढच्या तारखेला जाताना त्याच वहीत आणखी चार जणांची साक्ष असेल. त्यांतली एक साक्ष आम्ही गेल्या आठवड्यात लिहून घेतली. ती सांगणाऱ्या आजीने आधी विचारले, “दादा, लिहिलंस ते मला वाचून दाखवशील ना?”